पहिल्या हाराचा मान

कोल्हापुरात जयंत्यांना तोटा नाही. एकीचा मांडव उतरतोय तोवर दुसरीची तयारी सुरू होते. बोळातल्या तालमीत कुस्ती बंद पडून जमाना झाला, पण जयंती मात्र एक चुकत नाही. पद्धत सगळ्यांना एकच. फोटो पुसायचा, पाटावर मांडायचा, हार घालायचा, नारळ वाढवायचा, कापूर लावायचा, ‘विजय असो’ म्हणायचं आणि पेढा तोंडात टाकून घरची वाट धरायची. फोटोतला माणूस राजा असो, संत असो की पुढारी, तालमीचं प्रेम हे असंच बाहेर पडतं. दुसरी रीत तिला कुणी शिकवलेलीच नाही.

दस्तगीर शिकलगार हा या तालमीचा जुना गडी. गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं त्याचं दुकान बोळाच्या तोंडाशीच आहे. तो आणि कृष्णात लहानपणी एकाच हौद्यातल्या तांबड्या मातीत लोळले. कृष्णात आता संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर बसतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतो. गणपतीच्या कमानीचं कापड शिवायचं ते दस्तगीरनं, आणि मोहरमचे पंजे उठले की सगळ्यांच्या पुढं चालायचं ते कृष्णातनं. यात कुणाला कधी काही वेगळं वाटलं नाही.

मधे एकदा शहराचं डोकं फिरलं. कुणाच्या तरी मोबाईलवर काहीतरी आलं, दगड निघाले, दुकानं फुटली. दस्तगीरनं शटर ओढलं आणि घरात दडून बसला. कृष्णातनं काय करावं, तर घरातली लोखंडी खुर्ची उचलून आणली आणि त्या बंद शटरसमोर मांडून बसला. गोंधळ निवेपर्यंत हलला नाही. दुकानावर ओरखडासुद्धा उमटला नाही.

पण दस्तगीर त्यानंतर बदलला. पूर्वी तालमीत हिरीरीनं भांडायचा, आता कुणी काही म्हटलं की ‘बरोबर हाय’ म्हणून मान हलवायचा. आपलं वेगळेपण कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून अंग चोरून राहायची सवय त्याला लागली. ही सवय फार वाईट. माणूस अंग चोरता चोरता कधी स्वतःच चोर होतो ते त्याला कळत नाही.

यंदा गणपती बसलेले असतानाच ईद-ए-मिलाद आली. तालमीचा अध्यक्ष राजवीर हे तरणं पोर, उत्साहाला बांध नाही. मिटिंगमध्ये तो म्हणाला, “दस्तगीरचाचा, आपण सगळ्यांची जयंती करतोय, मग पैगंबरांचीच का न्हाय? यंदा करायचीच. फोटो मी नेटवरनं काढतो आन मोठा करून आणतो.”

आमच्यात त्यांचा फोटो नसतो, आणि पूजा एका अल्लाशिवाय कुणाची करत नाहीत, त्यांचीसुद्धा नाही. एवढंच दस्तगीरला सांगायचं होतं. पण त्यानं समोर बघितलं, तर सगळे चेहरे फुललेले, आणि सगळ्यांत जास्त कृष्णातचा. एवढ्या प्रेमानं पुढं केलेला हात आपण झिडकारायचा का, असं त्याला वाटलं. आणि त्याखाली दुसरं एक होतं, ते जास्त खरं होतं. आपण नाही म्हटलं की कुणीतरी म्हणेल, झालं, यांचं सगळं निराळंच. तिथं असं म्हणणारा एकही माणूस नव्हता. पण भ्यालेल्या माणसाला न बोललेलंच आधी ऐकू येतं.

“नेटवरचं नको,” तो म्हणाला. “घरात हाय एक. मी आणतो.”

घरात मदिनेच्या हिरव्या घुमटाची तसबीर होती. त्या घुमटाखाली पैगंबरांची कबर आहे. दस्तगीरचा मेहुणा मक्का-मदिनेच्या यात्रेला, उमऱ्याला गेला होता तेव्हा त्यानं बहिणीसाठी ती आणली होती. त्याची बायको जैतून रोज तिच्यावरची धूळ पुसायची, पुसताना ओठांत दरूद, म्हणजे पैगंबरांवरचा सलाम, म्हणायची, आणि तिथंच थांबायची. त्या तसबिरीपुढं तिनं कधी मान वाकवली नव्हती. दस्तगीर म्हणाला, तालमीतल्या लोकांना बघायची आहे. जैतूननं ती धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून दिली. घरात ती दख्खनीत बोलायची. तिचं म्हणणं मराठीत सांगायचं तर असं होतं, “आपला मान ठेवला त्यांनी. सांभाळून न्या.”

चेहऱ्याचं चित्र तर टळलं, निम्मं निभावलं, अशी दस्तगीरनं आपल्या मनाची समजूत घातली. मन कसलं लबाड असतं, हवी ती समजूत विनातक्रार घालून घेतं.

ईदच्या सकाळी तालमीच्या पुढच्या खोलीत पाट मांडला, रांगोळी काढली. तसबीर पाटावर ठेवली. कृष्णातनं झेंडूचा जाडजूड हार परडीतून काढला आणि दस्तगीरच्या हातात दिला.

“पयला हार तुझा,” तो म्हणाला. “मान तुझाच हाय.”

अजूनही सांगता आलं असतं. हार हातात जड लागत होता, सगळे बघत होते, राजवीर मोबाईल धरून उभा होता. दस्तगीर पुढं झाला आणि त्यानं घुमटाला हार घातला. मग नारळ फुटला, कापूर पेटला, ‘पैगंबर महाराजांचा विजय असो’ म्हणून बोळ दणाणला. सगळ्यांनी हात जोडले होते. दस्तगीरनंही जोडले.

समोरच्या घरातली बाळाबाई गर्दीतून वाट काढत आली. तिचा मुलगा उदयसिंह हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होता आणि डॉक्टर धड काही सांगत नव्हते. म्हातारीनं तसबिरीच्या काचेवर, बरोबर घुमटावर, कुंकवाचं बोट टेकवलं आणि कपाळ पाटाला लावलं. “पैगंबरबाबा, माझा उदय घरला येऊ दे,” ती म्हणाली. “तुमाला हिरवी चादर घालीन.” दस्तगीर तिच्या शेजारी उभा होता. त्यानं ते सगळं ऐकलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिला.

त्या दिवशी ईदच्या मिरवणुकीत, जुलूसमध्ये, तो आपल्या माणसांत चालला. चारी बाजूंनी लोक पैगंबरांना सलाम म्हणत होते. दस्तगीरचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ज्यांच्या नावाचा सलाम, त्यांच्यापुढं आपण सकाळी काय करून आलो ते त्याच्या हातांना येणारा झेंडूचा वास अजून सांगत होता.

प्रकरण तिथं मिटलं असतं तर त्यानं ते गिळलंही असतं. पण कृष्णातनं तसबीर परत दिली नाही. शाहू महाराजांच्या शेजारी खिळा ठोकून त्यानं ती टांगली. “सगळ्यास्नी उदबत्ती असती, ह्यास्नी बी असू दे,” तो म्हणाला आणि रोज सकाळी नेमानं ओवाळायला लागला. जैतूननं विचारलं तेव्हा दस्तगीर म्हणाला, थोडे दिवस राहू दे म्हणतात. ती खूश झाली. तिच्या त्या खुशीनं त्याला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी मौलाना बोलत होते ते नेमकं हेच. पैगंबरांनी अल्लाकडे दुवा मागितली होती की माझ्या कबरीची पूजेची मूर्ती होऊ देऊ नकोस. माझी वाढवून-चढवून स्तुती करू नका, मी अल्लाचा बंदा आहे, त्याचा निरोप आणणारा आहे, असं त्यांनी आपल्या माणसांना बजावलं होतं. मौलाना साऱ्या मशिदीला सांगत होते, पण दस्तगीरला वाटलं, ते आपल्याकडेच बघतायत. त्याची मान जी खाली गेली ती नमाज संपली तरी वर आली नाही.

आणि मग उदयसिंह बरा होऊन घरी आला. बाळाबाईनं सगळ्या बोळात सांगितलं की पैगंबरबाबा पावला. दुसऱ्या दिवशी तालमीच्या उंबऱ्यावर आणखी दोन बायका नारळ घेऊन उभ्या. दस्तगीर दुकानातून बघत राहिला आणि मशीनची सुई त्याच्या बोटात घुसली. संध्याकाळी कट्ट्यावर कृष्णातनं त्याला दुधाचा पेला दिला आणि म्हणाला, “उद्या सकाळी बाळाबाई नवस फेडणार हाय. तू लौकर ये. चादर कशी घालायची ते तुलाच ठावं.”

दस्तगीरनं पेला तसाच खाली ठेवला. सांगायला म्हणून तोंड उघडलं, तोवर गिऱ्हाईक आलं. खरं म्हणजे गिऱ्हाइकाचं निमित्त झालं.

सकाळी तो तालमीत गेला तेव्हा कृष्णात एकटाच होता. मारुतीला ओवाळून झालं होतं, महाराजांना झालं होतं. उदबत्ती घेऊन तो तसबिरीकडे वळला.

“किस्ना, थांब,” दस्तगीर म्हणाला. “तिथं ओवाळू नको.”

“का रं?”

मग दस्तगीरनं सांगितलं. “त्यांच्यावर जीव टाकायचा, पर त्यांची पूजा करायची न्हाय, असं हाय आमच्यात. त्यांनीच तसं सांगून ठिवलंय. ह्यो घुमट त्यांच्या कबरीवरचा हाय, आन माझ्या कबरीची पूजा हू नये अशी दुवा त्यांनी स्वतः मागितल्ती.” एवढे दिवस जे घशात अडकून होतं ते बोलायला काही वेळच लागला नाही. याचीच त्याला जास्त लाज वाटली.

कृष्णातनं हातातली उदबत्ती मारुतीपुढं नेऊन खोचली. परत आला तेव्हा त्याची कानशिलं लाल झाली होती.

“म्हंजे आमी मान करतोय म्हणून अपमान केला व्हय?”

“तुमी प्रेमानं केलं.”

“आन पयला हार तू घातलास की.”

“घातला.”

“कशापायी?”

“भ्यालो.”

“कुणाला?”

दस्तगीरला वाटलं, इथं खोटं बोलावं. जमान्याला भ्यालो म्हणावं, बाहेरच्या पोरांना भ्यालो म्हणावं. “तुमाला,” तो म्हणाला.

“मला बी?”

बंद शटरपुढची ती लोखंडी खुर्ची दोघांच्याही डोळ्यांपुढं आली असणार, पण तिचं नाव कुणी काढलं नाही. कृष्णात भिंतीला पाठ लावून खाली बसला.

“मला ठावं न्हवतं, त्येची लाज वाटतीया,” तो म्हणाला. “पर ती धुऊन निघंल. तू मला सांगाय भ्यालास, त्येचं काय करू मी?”

मग कृष्णातनंच विचारलं, “मग त्यास्नी मान द्यायचा कसा? फोटो न्हाय, हार न्हाय. कायतरी असंलच की.”

“त्यांचं नाव आलं की सलाम म्हणायचा. त्यांनी सांगितलं तसं वागायचं. शेजारी उपाशी असंल तर आपण पोटभर जेवायचं न्हाय. कुणाची फसवणूक करायची न्हाय, खरं तेच...” दस्तगीरची जीभ तिथं अडली. पुढचा शब्द त्याला उच्चारता येईना.

“ह्यातलं कायबी आमाला अवघड न्हवतं की रं,” कृष्णात म्हणाला.

तेवढ्यात उंबऱ्यावर बाळाबाई आली. हातात ताट, ताटात नारळ, हळदकुंकू आणि घडी घातलेली नवीकोरी हिरवी चादर. कृष्णात उठला. “मावशीला मी सांगणार न्हाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “तू सांग.” आणि बाजूला झाला.

“आलास व्हय लेकरा?” बाळाबाई म्हणाली. “बरं झालं. चादर नुस्ती वरनं टाकायची, का कशी?”

दस्तगीरनं तिलाही सांगितलं. सावकाश सांगितलं, एक शब्द चोरला नाही. म्हातारी ऐकत होती. ऐकता ऐकता ताटावर तिनं पदर ओढला आणि ते मागं घेतलं. मग तिची नजर काचेवर गेली. तिनंच लावलेलं कुंकू तिथं वाळलं होतं. घाईघाईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं करायला गेली, तोंडाशी नेलं, आणि हेही चुकीचं असेल म्हणून तशीच थबकली.

“मला ठावं न्हवतं रं बाबा,” ती म्हणाली. “अडाणी बाई मी. लेकाच्या काळजीत दिसंल त्येच्या पाया पडत हुतो.” तिनं ताट खाली ठेवलं, दोन्ही कान धरले, आणि मग दस्तगीरसमोर हात जोडले. “चुकलं माझं. मला माफ कर.”

गुन्हा दस्तगीरचा, आणि आईच्या वयाची बाई त्याच्यापुढं हात जोडून उभी. त्याला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात ते कशाला म्हणतात ते त्याला त्या वेळी कळलं. त्यानं तिचे हात धरून खाली केले.

“मावशी, तुमी न्हाय चुकला. मला ठावं हुतं. मी तुमच्या शेजारीच उभा हुतो आन गप बसलो.”

तिला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तिच्या मनात दुसरीच धास्ती होती. समोर घरात उदयसिंह झोपला होता.

“लेकरा, त्यास्नी राग आला असंल काय रं?”

दस्तगीरनं हात वर करून तसबीर खिळ्यावरनं उतरवली आणि छातीशी धरली.

“तुमच्यावर न्हाय,” तो म्हणाला.