एक पळी तूप

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पळी आहे. तूप वाढण्यापलीकडे मी आयुष्यात काही केलेले नाही, त्यामुळे माझी हकीकत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. कंटाळा आला तर मधेच उठून जा. मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म तांबट आळीतला. एका कारागिराने ठोकून ठोकून मला आकार दिला, पोटाला कल्हई केली आणि दांड्याचे टोक वळवले. शनिवार पेठेतल्या दिगंबरकाकांनी मला विकत घेतले. काका लग्नामुंजींच्या जेवणावळी घालत. भात वाढून झाला, त्यावर वरण पडले, की सारी पंगत माझ्याकडे बघू लागे. माझी धार भातावर पडल्याशिवाय कोणी घास उचलत नसे. कोणी नको म्हणाले तर काका म्हणत, "अहो, घ्या! घरी कोण एवढ्या प्रेमानं वाढतंय तुम्हाला?" लोक हसत आणि काकांच्या सढळ हाताची तारीफ करत. ती तारीफ मला माझीच वाटे.

पुढे पंगती गेल्या, बुफे आले. काकांनी धंदा बंद केला आणि मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकले. तिथून मी घरातली भांडणे ऐकत असे. भांडण बहुधा एकच असे.

काकांची नात तनया आता कॉलेजात आहे. तिला लहानपणापासून दूध चालत नाही. दूध, दही, तूप, यांतले काही चुकून पोटात गेले तरी अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो. तिला दवाखान्यातही ठेवावे लागले होते. काकांना मात्र ते पटत नसे. "दुधानं कुणाचा घसा सुजतो का? आमच्या वेळी नव्हते असले नखरे." तनयाची आई उल्काताई आधी समजावून सांगत. नंतर त्यांनी सासऱ्यांशी या विषयावर बोलणेच टाकले आणि कर्वे रस्त्याजवळच्या एका फूड हॉलमध्ये व्हीगन थाळीचा स्टॉल घेतला. दूध नाही, दही नाही, तूप नाही. आमटी-भात, उसळ, तेल लावलेली पोळी आणि शेंगदाण्याच्या दह्याचा मठ्ठा. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल असा.

कौतुक कोणी फारसे केले नाही. समोरच्या पनीरच्या स्टॉलवरचा केदार रोज ओरडून विचारी, "काय उल्काताई, आज कुठलं गवत?" एका गृहस्थांनी मठ्ठ्याचा घोट घेऊन विचारले, "याला ताक म्हणायचं? मग पाणी काय वाईट होतं?" उल्काताई म्हणाल्या, "पाणी फुकट आहे. नळ तिकडे." सगळ्यांत कडवट काका. ते शेजाऱ्यांना सांगत, "आमच्या सूनबाईंनी सुतकातलं जेवण विकायला काढलंय."

एके दिवशी तनयाने हट्ट धरला. "आजोबा, एकदा येऊन तर बघा." काका तयार झाले. निघताना त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि तुपाच्या लहान डबीबरोबर पिशवीत टाकले. खरे सांगते, मला आनंद झाला. कुठेतरी पंगत असेल, असे मला वाटले. मग त्यांनी आरशासमोर एक वाक्य म्हणून पाहिले. "ही चव तुपाची आहे, सूनबाई!" तेव्हा माझ्या लक्षात आले.

दुपारची गर्दी होती. तनया पुढे ऑर्डरी घेत होती. उल्काताई पोळ्यांचा डबा आणायला मागच्या दाराशी गेल्या. काका गल्ल्याच्या आत आले. घरचेच माणूस, त्यांना कोण अडवणार? त्यांनी डबी उघडली, मला काठोकाठ भरले आणि आमटीच्या पातेल्यात उपडे केले. हिंग-लसणीच्या वासात तुपाचा वास बुडून गेला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. निदान मला तसे वाटते.

काका बाकावर जाऊन बसले. दूध-तूप अजिबात न खाणारी, रोज तिथे जेवणारी स्वराली नावाची मुलगी म्हणाली, "उल्काताई, आज आमटी काय झालीये!" काकांच्या मिशा हलल्या. सगळे जेवून झाले की ते आपले वाक्य म्हणणार होते.

गर्दी ओसरल्यावर तनया आपले ताट घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. आमटी त्याच पातेल्यातली. "एवढ्याशानं काही होत नाही," काका स्वतःशीच पुटपुटले. तनयाने भात कालवला. मी काकांच्या मुठीत होते आणि ती मूठ आवळत चालली होती. तिने घास उचलला.

"तनू, खाऊ नकोस!"

त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. भात त्यांच्याच सदऱ्यावर उडाला.

उल्काताई धावत आल्या. त्यांना मी दिसले, माझ्या पोटातला तुपाचा ओघळ दिसला.

"किती घातलंत?"

"एकच पळी. अगं, पण मी थांबवलं ना तिला!"

"तिला थांबवलंत. बाकीच्यांचं काय?"

उल्काताई हॉलकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "जेवणं थांबवा. आमटीत तूप पडलंय. कुणाला दूध बाधत असेल तर आत्ता सांगा." सुदैवाने तसे कोणी नव्हते. पण एकाने "ही फसवणूक आहे" म्हणत मोबाइल उगारला. केदार हसला, "वा! आज गवताला साजूक तुपाची फोडणी!" स्वरालीने ताट सरकवले. "उल्काताई, सगळीकडे मला विचारून जेवावं लागतं. इथे मी न विचारता जेवायचे." एवढे बोलून ती गेली. ती अजून परत आलेली नाही.

उल्काताईंनी पातेल्यात उरलेली आमटी मोरीत ओतली.

"मी घासून देतो," काका म्हणाले.

"हात लावू नका."

तनया आजोबांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं."

काकांनी मान खाली घातली. मग ते सदऱ्यावरची शिते एकेक करून वेचू लागले.

आता मी एका खणात पडून आहे. अंगावरचे तूप कोणी पुसले नाही. ते हिरवे पडून मला चिकटले आहे. घरात दोघी काकांना जेवायला वाढतात, पण बोलत नाहीत.

मित्रांनो, जुनी भांडी जपावीत, चिंच लावून घासावीत, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण माझ्यापेक्षा माणसे जपा. कोणी "मला चालत नाही" म्हणाले, तर त्याची परीक्षा घेऊ नका. तेवढ्यावर विश्वास ठेवा आणि पळी बाजूला ठेवा.