गावपळणीला रकाना नाही

आमच्या ह्यांना गाव गुणाजी म्हणतो. मी मनातल्या मनात बरंच काही म्हणते. समुद्राजवळ आमच्या चार खोल्या, पाहुण्यांसाठी. शाळेतून शिकवून आले की मी जेवणाचं बघायची आणि हे पाहुण्यांची वही राखायचे. नाव, पत्ता, फोन, कोणाला सुरमई आवडते, कोणाला काटे काढून द्यायचे. गणपतीनंतर सगळ्यांना पोस्टकार्डं जायची आणि खोल्या भरायच्या.

मग २००८ साली पुण्याहून एक टायवाला आला. त्याच्या साईटवर घर टाकलं की म्हणे पाहुणे आपोआप येणार. फक्त पाहुण्याला आपला नंबर द्यायचा नाही, त्याचा घ्यायचा नाही आणि रस्त्यावर स्वतःची पाटी नको. ह्यांनी त्याच दिवशी पाटी उतरवून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली, घरचा जुना फोनही बंद केला.

"आणि वही?" मी विचारलं.

"वही कित्याक होयी गो आता? सगळा साईटीत आसा!"

वही बंबात गेली. त्याच पाण्याने आंघोळ करून हे खुशीत बाहेर आले. मेल्या, बारा वर्षांची माणसं जाळलीस, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण खोल्या खरंच भरत होत्या, म्हणून गिळलं.

पुढच्या डिसेंबरात देवाने गावपळणीचा कौल दिला. कौल झाला की आमचा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर: माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागच्या गावपळणीला ह्यांनी वही उघडून एकेकाला फोन केले होते. आता साईटला कळवायचं होतं. घर बंद ठेवायला तिथे कारणांची यादी होती: दुरुस्ती, आजार, लग्न. गावपळण नव्हती. ह्यांनी सायबर कॅफेत बसून लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं: आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

"बघ, तेंका समाजला!"

"त्यापेक्षा लग्न म्हणून टाका," मी म्हटलं.

"देवाच्या कामात खोटा बोलाक सांगतस?"

झालं! आम्ही वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपीत मजेत जेवत होतो, तेव्हा नाशिकचे पाहुणे आमचं कुलूप खडखडवत होते. त्यांनी साईटवर लिहिलं: मालक गायब, शेजारी गायब, भुंकायला कुत्रंसुद्धा नाही. साईटने आमचं नाव काढून टाकलं. ह्यांनी मोबाईलवरून टायवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "तुमचं घर आता आमच्याकडे नाही, त्यामुळे तक्रार घेता येत नाही."

खोल्या ओस पडल्या. पाटी धुऊन परत लावली, पण पोस्टकार्डं पाठवणार कोणाला? "मुळीक, कोल्हापूर... पुढे काय गो?" हे रोज विचारायचे. अकरा वर्षं आमच्याकडे येणारी माणसं ती! मला रडू यायचं आणि रागही यायचा.

मार्चमध्ये मालवणच्या मासळीबाजारात मुळीककाकूच समोर आल्या. ह्यांना बघून त्यांच्या हातातली पिशवी गळाली.

"अहो, साईटवर तुमचं नाव नाही, फोन लागेना. आम्हाला वाटलं, तुम्ही वारलात. घरी दिवा लावला हो तुमच्या नावाने!"

ह्यांनी हातातला बांगडा परत टोपलीत टाकला. म्हणाले, "तुमचो नंबर देवा."

काकू कचरल्या. "चालतं का तसं? साईटच्या नियमात..."

"मेल्ल्याक कसलो नियम?"

त्या संध्याकाळी मी नवी वही आणली. अजून तिच्यात एकच नाव आहे. ती मी शाळेच्या कपाटात ठेवते.