खिशातले कान

दंतवैद्य निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दवाखान्यातली खुर्ची विकली, साचे फेकून दिले आणि कवळी ठेवायची एक डबी तेवढी घरी आणली. ती सदान्‌कदा त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. अलीकडे तिच्यात त्यांचे कान असत.

कान म्हणजे लेकीने आणून दिलेली कानाच्या मशीनची जोडी. लेक घरी होती तोवर त्यांनी ती मुकाट्याने लावली. तिची पाठ वळताच जोडी डबीत गेली आणि बायकोला सांगण्यात आलं, "आता गरज नाही. बरेच सुधारलेत." किडलेली दाढ आपली आपण सुधारत नाही हे त्यांनी जन्मभर पेशंटना बजावलं होतं, पण कान हा काही त्यांचा विषय नव्हता.

खरं कारण होतं स्कूटर. डोळे अधू झाले तेव्हा बायकोने एका वाक्यात निकाल दिला होता, "दिसत नाही तर स्कूटर कशाला?" आणि चार दिवसांत स्कूटर भाच्याच्या दारात उभी! आता ऐकू येत नाही हे कळलं, तर गाण्याच्या कार्यक्रमांचंही तेच होणार. मग उरणार काय, तर भाजी निवडणं आणि रक्तदाबाची गोळी.

दोघं लग्नाआधीपासून एकाच बँडच्या कार्यक्रमांना जात आलेली. तेव्हा दवाखान्यातला कापूस कानात कोंबून थेट स्पीकरला चिकटून उभी राहायची. आता स्वच्छतागृहाजवळच्या कडेच्या खुर्च्या मिळाल्या की धन्य वाटे. आजही त्या मिळाल्या होत्या. सभागृहात कमरेच्या मलमाचा घमघमाट सुटला होता. एके काळी हेच प्रेक्षक कठडे मोडून स्टेजवर चढायचे. आज जिन्याला कठडा नाही म्हणून व्यवस्थापकाशी भांडत होते.

दंतवैद्यांची युक्ती साधी होती. ढोल छातीत जाणवत होता, गिटारची गुणगुण कानाला लागत होती, उरलेलं बायकोच्या पायावरून. तिचा पाय हलला की यांचा हलायचा, तिने टाळी वाजवली की यांची टाळी. मध्यंतरापर्यंत कुणाला संशयही आला नाही. उलट मागचा एक टकलू म्हणाला, "वा, काय रमलेत!"

मध्यंतरानंतर वादकांनी वाद्यं खाली ठेवली. गायक माइक सोडून पुढे आला, गुडघ्यावर हात टेकत स्टेजच्या काठावर बसला आणि त्याचे ओठ हलताना दंतवैद्यांना जाड भिंगांतून दिसले. आवाज मात्र नाही. दंतवैद्यांनी बायकोचा पाय पाहिला. स्तब्ध. हात मांडीवर. सगळं सभागृह दगडासारखं बसलेलं.

माइक गेला! आणि एवढ्या लोकांत एकालाही तोंड नाही! जुना चाहता म्हणून काही कर्तव्य असतं की नाही? दंतवैद्य ताडकन उठले.

"अहो, माइक गेलाय! आवाज वाढवा!"

गायक थांबला. सावकाश उठला, माइकपाशी गेला आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने म्हणाला, "काका, माइक ठणठणीत आहे. हे गाणं मुद्दाम बिनमाइकचं गात होतो. पण माझाही आवाज आता एवढाच निघतो हो."

सभागृह खो खो हसलं. आपल्याहून वयाने मोठ्या माणसाने काका म्हणावं हे दंतवैद्यांना फार लागलं, पण त्याहून लागलं ते बायकोचं बघणं. ते खाली बसले. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"डबी काढा."

"कसली डबी?"

"खिशातली. कपडे धुवायला टाकताना तुमचे खिसे कोण तपासतं?"

डबी निघाली.

"कवळी खिशात घेऊन फिरणाऱ्या पेशंटना काय ओरडायचात?"

"कशाला आता ते..."

"सांगा ना."

"की खिशाला चावता येत नाही."

"मग?"

दंतवैद्यांनी डबी उघडली. "म्हणजे आता कार्यक्रम बंद?"

"का म्हणून?"

"स्कूटर बंद केलीस तशी."

"अहो, स्कूटरखाली माणसं आली असती! इथे फार तर तुमचं हसं होईल. त्याची मला सवय आहे."

तिने स्वतःच्या हाताने मशीनं त्यांच्या दोन्ही कानांत बसवली. एव्हाना हशा ओसरला होता. गायक पुन्हा काठावर बसला, सभागृह पुन्हा शांत झालं. लांबून एक जुना, चिरका, ओळखीचा आवाज आला. आणि त्याच्याही वर, उजव्या अंगाने, दुसरा एक. बायको गात होती.

आधी स्पीकरला चिकटून उभं राहिल्यामुळे आणि पुढे कान गेल्यामुळे ही गोष्ट त्यांच्यापासून लपून राहिली होती.

"तू नेहमी गातेस?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"पहिल्या कार्यक्रमापासून."

"अगं, सूर कुठल्या कुठे चाललाय तुझा!"

"ऐकू येतंय ना? मग गप्प बसा."

थोड्या वेळाने, कान खाजवायचं निमित्त करून, दंतवैद्यांनी उजव्या बाजूच्या मशीनचा आवाज जरा वाढवला.