आखाजीच्या दुपारची अट

सारिकाने निविदेत ती अट घातली तेव्हा अख्खं ऑफिस हसलं होतं. शहराचा हवामान कृती आराखडा करायला सल्लागार कंपनी नेमायची होती. सारिका पर्यावरण विभागातली सगळ्यात धाकटी अभियंता. तिने लिहिलं, ज्याला हे काम हवं त्याच्या माणसाने भर उन्हाळ्यातली एक दुपार, एक ते चार, रेल्वेपलीकडच्या पत्र्याच्या वस्तीत कुणाच्या तरी घरात बसून काढावी. हजेरीवर सही तिचीच.

"अगं, पुण्या-मुंबईचे लोक ते," शहर अभियंता प्रेमराज साहेब म्हणाले. "आपल्याकडच्या उन्हात हॉटेलाबाहेर पाय टाकत नाहीत. तू त्यांना भट्टीत बसवतेस?"

"भट्टीतल्यांसाठीच तर आराखडा आहे, साहेब."

साहेबांनी अट राहू दिली. पण बजावलंही, कोणी आलं नाही तर निविदा रद्द, आणि पुढची निघेल ती या अटीशिवाय. म्हणजे मग कोणीही, कुठल्याही थंडगार खोलीत बसून, या पत्र्यांबद्दल लिहिणार.

गेल्या उन्हाळ्यात सारिकाला सातवा महिना चालू असताना नळांची पाहणी करत ती याच वस्तीत आली होती आणि बेबाबाईच्या दारात चक्कर येऊन पडली होती. बेबाबाईने तिला आत निजवलं, ओलं लुगडं अंगावर टाकलं, ऊन उतरेपर्यंत उठू दिलं नाही. वर पत्रा तडतडत होता आणि पोटात बाळ गप्प होतं. ते पुन्हा हललं तोवर तिच्या जिवाचं जे पाणी झालं, ते तिने ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय कळतं! बसून कळतं.

ठरलेल्या पहिल्या तारखेला कोणी फिरकलंच नाही. साहेबांनी एकदाच म्हणून मुदतवाढ दिली. घाईघाईत तिने पुढची तारीख टाकली, सगळ्यांना मेल गेले, आणि रात्री पोळ्या लाटता लाटता सासूबाई, भिकुबाई, सहज म्हणाल्या, "त्या दिनले तं आखाजी शे ना वं."

सारिकाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. खान्देशात जन्मलेल्या बाईने आखाजी, अक्षय्य तृतीयेचा लेकींनी माहेरी यायचा सण, विसरावी! घरात दहा महिन्यांची पोर असली की कॅलेंडर फक्त लसीच्या तारखांसाठी बघितलं जातं, त्याला ती तरी काय करणार. आणि आता तारीख पुन्हा बदलून मागायला तोंड नव्हतं.

आखाजीला ती बेबाबाईच्या दारात उभी होती. लेक सासूबाईंजवळ ठेवली होती, तिची पाजायची वेळ टळून गेल्याचं छाती आपणहून सांगत होती. लिंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींचा गलका, बुंध्याशी पुरुषांचा पत्त्यांचा डाव. प्रत्येक घरात आज दुप्पट माणसं.

"उभी कसाले शे? आत ये," बेबाबाई म्हणाली. "आजना दिन कोन येई? बठ्ठी दुनिया माहेरले गई."

"येतील, अक्का."

एक निळी गाडी आलीही. काच चार बोटं खाली झाली आणि आतला गारवा सारिकाच्या तोंडावर आला.

"मॅडम, वस्ती बघितली. फोटो घेतले. सही करता?"

"आत या ना. पुरणपोळी आहे, आमरस आहे."

"पुढे मीटिंग आहे हो. सगळीकडे असंच असतं."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "कोणी आलंय म्हणे? सही करून मोकळी हो बाई, निविदा वाचेल."

"साहेब, ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत."

"बघ मग. सही तुझी आहे."

तिने सही केली नाही. गाडी वळून गेली. हातात आलेला एकुलता एक सल्लागार तिने स्वतःच घालवला होता.

"गई का गाडी?" बेबाबाई म्हणाली. "जाऊ दे. त्याले आमरस पचत नई."

एक वाजायला आला तेव्हा रिक्षातून एक मुलगी उतरली. तोंडाला स्कार्फ, हातावर ताजी मेंदी.

"सारिका मॅडम? मी रुची. पुण्याच्या कंपनीतून... म्हणजे आत्ता जामनेरहून." ती धापा टाकत होती. "आमचे सर नाहीच म्हणत होते. पण तुमची तारीख आखाजीची, आणि मी माहेरीच! म्हणाले, तिथेच आहेस तर जा, निविदा भरतो. बाबा दुकानातून उठून ओरडायला लागले, सणाचं कोणी पत्र्याखाली बसायला जातं का!"

सारिकाला हसू आलं आणि रडूही. तिने रुचीला हाताला धरून आत नेलं.

आधी रुची भराभर लिहीत होती. मग कागद मनगटाला चिकटायला लागला. मग तिने पेन ठेवलं आणि बेबाबाईने दिलेला ओला पंचा मानेवर घेतला. बेबाबाईची लेक दिपमाला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच माहेरी आली होती. तिचं तान्हं कुठे दिसेना. रुचीने विचारलं, तर दिपमालाने खाटेखाली बोट दाखवलं. ओल्या गोणपाटावर कापडाची घडी अंथरून बाळ निजवलं होतं.

"खाली का?"

"तठे पत्रा त्याले देखत नई."

रुचीने पिशवीतलं तापमापक काढलं. "मी जाऊ आत?"

सगळ्या बायका खदखदून हसल्या. "जाय, जाय! पन पोरले उठवशी तं तूच अंगाई गाशी!"

ती खरंच पोटावर सरपटत गेली. सारिकाने पाहिलं, ती मोजमाप विसरून बाळाच्या पायाच्या अंगठ्याला नुसतं बोट लावून पडली होती.

तेवढ्यात पुन्हा फोन. साहेबांचा आवाज पडलेला. "सारिका, रद्दचं पत्र टाइप करायला सांगू ना?"

"नको साहेब. आलंय कोणीतरी."

"गाडीतच आहे का?"

"नाही. खाटेखाली आहे."

साहेब हसले की खोकले ते कळलं नाही. मग ते कोणावर तरी ओरडले, "अरे, थांब, टाइप करू नको!" सारिका उंबऱ्यावर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.