न्हाणीघराची जाळी

साहेब, या रक्ताचा पहिला थेंब तुमच्या भारनियमनाच्या कागदावर पडला. सकाळी पाच ते नऊ वीज बंद, असं तुम्ही लिहिलंत आणि खाली सही ठोकलीत. तुमच्या बंगल्यात इन्व्हर्टर होता. आमच्या काल्हेर गावात बाळंतिणीच्या अंगावर पहाटे कसलं पाणी पडणार, हा विचार तुमच्या डोक्यात शिरलाच नाही. आता पुढचं ऐका. सगळंच तुमच्या माथी मारणार नाही, घाबरू नका. आमच्या माणसांनीही कमी केलं नाही.

साल दोन हजार सहा. धनेशने खाडीकडची भातजमीन गोदामाला दिली, त्याच गोदामात सुपरवायझर झाला आणि दुमजली घर बांधलं. दर्शनी भिंतीला हिरव्या टाइल्स, न्हाणीघराला छतापर्यंत पांढऱ्या. त्याची आई धोंडूबाई अंगणातला तांब्याचा बंब सोडायला तयार नव्हती. धुराने टाइल्स काळ्या पडतात म्हणून धनेशने एका सकाळी तो बंब लाथेने उलटवला, निखाऱ्यांसकट. एक निखारा म्हातारीच्या पायावर पडला. तिने तो पदराने झटकला. धनेशचा हात तोंडाच्या आधी चालतो, हे त्या घरात सगळ्यांनाच पाठ होतं.

मग बंबाच्या जागी काय आणायचं, हे ठरवायला त्याने मोरूला बोलावलं. मोरू दिघाशी गावचा, नळाची आणि वायरिंगची कामं करणारा. धनेशची बायको उन्नती पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, हे दुसरं सासरी व्हायचं होतं. मोरूने एकेक सांगितलं. विजेचा टाकीवाला गिझर सगळ्यांत बिनघोर, पण सकाळी वीजच नाही, आणि रात्री तापवून ठेवलेलं पाणी पहिल्या दोघांत संपेल. बादलीतला रॉड तर लहान पोराच्या घरात आणूच नये. सोलर चांगला, पण त्याने गच्ची अडते, आणि गच्चीवर तर धनेशला हळदीचे मांडव घालायचे होते. उरला गॅसचा. तो मोरूने बाहेरच्या भिंतीवर लावायला सांगितला, नुसता पाइप आत घ्यायचा.

धनेश भडकला. हिरव्या टाइल्सना भोकं पाडायला त्या लावल्या नव्हत्या, म्हणाला.

"मग आत लावतो, शेठ," मोरू म्हणाला. "पन ही वरची जाळी कदी बंद करायची न्हाय. बंद केली तर आतला मानूस बसल्या जागी झोपंल, तो उठायचा न्हाय."

"तू नळ बघ. डॉक्टरकी नको करू."

मार्गशीर्षात उन्नती बाळंत झाली, मुलगी झाली. खाडीवरचा गार वारा जाळीतून थेट न्हाणीवर यायचा. बाळंतिणीला वारा लागला की वात हाडात शिरतो, तो जन्मभर निघत नाही, असं धोंडूबाईने चार वेळा बजावलं. पाचव्यांदा सांगायच्या आत धनेशने गोदामातून पॅकिंगचं जाड प्लास्टिक आणलं, जाळीवर ताणून बसवलं आणि चारी बाजूंनी खाकी टेप मारली. पावसाळ्यात गोदामात कापडाचे गठ्ठे बांधतात तशी. अंगठ्याने दाबून पाहिलं. एक फुंकर आत येत नव्हती. म्हातारीने लेकाची पाठ थोपटली.

तीन आठवडे धोंडूबाईच सुनेला न्हाऊ घालत होती. ती सारखी आत-बाहेर करायची, दार उघडंच असायचं, म्हणून निभावलं. बाविसाव्या दिवशी उन्नतीने आपल्या हाताने केस धुवायचे ठरवलं आणि आतून कडी लावली.

पाणी वाजत राहिलं. पोर भुकेने रडायला लागली, तरी आतून ओ नाही. धनेशने दाराला खांद्याने धडक दिली, मग पहार घातली. फळी फाटली. आत उन्नती भिंतीशी कलंडली होती, चेहरा लालबुंद, गिझरचा जाळ पिवळा पडलेला. त्याने तिला दंडाला धरून फरफटत ओटीवर आणलं आणि थोबाडीत मारत सुटला, ऊठ म्हणून. ती उठली नाही. गोदामाच्या टेम्पोतून तिला ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी नळ्या लावल्या, गिझरच्या विषारी वायूने गुदमरली, पण जीव धुगधुगतोय म्हणाले, आणि न्हाणीघराची खिडकी बंद होती का, असं विचारलं. धनेशने औषधांची चिठ्ठी उचलली आणि तो बाहेर गेला.

दुपारी दापोड्याहून तिचा भाऊ प्रितेश चार पोरं घेऊन आला. आल्या आल्या त्याने धनेशची कॉलर धरली आणि दवाखान्याच्या भिंतीवर त्याचं डोकं आपटलं.

"दाजी, माझी भन गेली तर तुला खाडीत गारीन. गिझर कोनी लावला?"

प्रश्न चुकीचा होता. धनेशच्या ते लगेच ध्यानात आलं, आणि त्याने त्याचं अगदी खरं उत्तर दिलं. मोरूने.

मोरू नाक्यावर एका चाळीत नळ बसवत होता. पळाला नाही. आधी बाई कशी हाय म्हणून विचारलं, आणि मग विचारलं, "जाळी उघडी होती ना, शेठ?"

त्या एका प्रश्नापायी तो मेलाच असता. पोरांनी दोन-दोन चपराकी दिल्या. धनेशने मात्र त्याला खाली पाडून छातीवर गुडघा रोवला. मोरू जाळी म्हणाला की धनेश तोंडावर मारायचा. दात पडला तरी त्या तोंडातून जाळीच निघत होती. शेवटी धनेशने त्याच्याच पिशवीतला पाना उचलला, त्याचा उजवा पंजा फरशीवर दाबला आणि तीन घाव घातले. ओला बांबू फाटावा तसा आवाज झाला. प्रितेशनेच त्याला मागून कव घालून ओढलं. बहिणीवर दाजीचा एवढा जीव आहे, हे पाहून त्याला उलट भरून आलं.

संध्याकाळी धनेशने टेप ओरबाडून प्लास्टिक अंगणात जाळलं. गावच्या पंचांनी सगळं प्रकरण अपघात म्हणून मिटवलं. मोरूची तीन बोटं पुन्हा वळणार नाहीत, हे दिघाशीहून कळलं, तेव्हा धोंडूबाई म्हणाली, देवाने न्याय केला.

सहाव्या दिवशी उन्नती घरी आली. न्हाणीघराच्या मोडक्या दारात उभी राहून वर उघड्या जाळीकडे बघत राहिली. ओटीवर धनेश नि धोंडूबाईसमोर प्रितेश चहा पीत गिझरवाल्याला कसा सोलला ते रंगवून सांगत होता. ती भिंत धरत बाहेर आली, आणि भावाच्या नि सासूच्या मधे धनेशसमोर उभी राहिली. आवाज घोगरा, पण अडखळला नाही.

"तुमी टेप मारली तवा स्टूल मी धरला होता. आयेनी सांगितला, तुमी मारली, मी धरला. आपल्या तिघांचे हात धड हायेत. मग मोरूदादाचा का मोडलाव?"

प्रितेशची बशी ओठाशीच थांबली. त्याने ती हळूच खाली ठेवली.

"माझ्याकडं नका बघू," उन्नती म्हणाली. "प्रितेशकडं बघून सांगा. का मोडलाव?"