घरटी एक मत

शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला शिंपिणीने मशीन थांबवलं. पुढ्यात शाळेच्या शिपायाची पँट होती. कंबर दोन बोटं सैल करायची होती आणि खडूची खूण करूनही झाली होती, पण भिंतीपलीकडे शिट्टी वाजली आणि तिचा हात तिथेच राहिला. फुटबॉलच्या मैदानाच्या उत्तर स्टँडला पाठ लावून तिचं घर उभं होतं. मधे एक बोळ आणि एक उंच भिंत. खिडकीतून स्टँडच्या पत्र्याची मागची बाजू दिसायची आणि पावसाच्या पाण्याचा गंजलेला पाइप. मैदान काही दिसायचं नाही, पण ऐकू मात्र सगळं यायचं.

सामना तिला आवाजावरून कळायचा. आपला गोल झाला की आवाज जमिनीतून यायचा आणि बॉबिनची डबी थरथरायची. समोरच्यांचा झाला की एकदम चिडीचूप. चेंडू खांबाला लागून परत आला की पाच हजार माणसं एकदम हळहळायची. पंचाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या शिव्या तर तिला तोंडपाठ होत्या.

"अरे, डावीकडून खेळा ना," ती म्हणाली. घरात ऐकायला होती फक्त पँट.

एकोणीस वर्षं ती त्या भिंतीच्या आत बसली होती. तिचा नवरा पेशाने रंगारी, पण उत्तर स्टँडवर त्याला सगळे 'भोंगा' म्हणायचे. त्याचा आवाज असा की कर्णा लागायचा नाही. तो घोषणा द्यायचा, हजारो माणसं ती उचलायची, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको म्हणायची, "पाणी प्या जरा, घसा बसेल." तीन वर्षांपूर्वी एका घराला रंग देताना तो शिडीवरच छातीला हात लावून बसला, तो पुन्हा उठला नाही.

पुढच्याच सामन्याला उत्तरवाल्यांनी त्याच्या खुर्चीला त्याचा मफलर बांधला. तिथे कुणी बसायचं नाही, असं ठरलं. येता-जाता माणसं त्या मफलरला हात लावून जात. आणि शेजारची खुर्ची? ती दुसऱ्याच आठवड्यात एका प्लंबरला देऊन टाकली. स्टँडची रीतच होती तशी, बाईने यायचं ते आपल्या माणसाबरोबर. आता माणूसच नाही म्हटल्यावर बाई कशाला येईल? तिला कुणी येऊ नको म्हटलं नाही, कुणी हाकलून दिलं नाही. फक्त तिची जागा उरली नाही. मेलेल्याची खुर्ची राखायची आणि जितीची वाटून टाकायची, याला त्या गावात मान म्हणत. आपल्या गावात याला काय म्हणतात, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं.

दुसरी रीत त्याहून जुनी होती. क्लब एकच, जर्सी एकच, पण उत्तरवाले आणि दक्षिणवाले एकमेकांचं तोंड पाहत नसत. भांडण कशावरून झालं ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून मिटवताही येत नव्हतं. शिंपीण मूळची दक्षिणेची. तिने उत्तरेच्या रंगाऱ्याशी लग्न केलं तेव्हा वडील म्हणाले, "आता तू त्यांची." आणि माहेर संपलं. तिचा दादा चार नंबरच्या बसचा ड्रायव्हर. बाजारात जायला तीच एक बस, म्हणून आठवड्यातून दोनदा ती त्याच्याच गाडीत बसायची. मागच्या दाराने चढायची, मागच्या दाराने उतरायची. दादा आरशातून बघायचा आणि तिच्या थांब्यावर गाडी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी ठेवायचा. बावीस वर्षांत भावा-बहिणीचं बोलणं ते एवढंच. भोंग्याच्या अंत्ययात्रेलाही तो रस्त्याच्या पलीकडे टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. अलीकडे काही आला नाही.

त्या वर्षी क्लबच्या मालकाने मैदान गोदामांसाठी विकायला काढलं. क्लब दुसऱ्या शहरात हलणार होता. उत्तरवाले त्याच्याकडे गेले तर तो म्हणाला, "दक्षिणवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे." दक्षिणवाले गेले तर म्हणाला, "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग या." दोघांचं भांडण आणि तिसऱ्याची चंगळ. शेवटी शाळेतले भूगोलाचे मास्तर पुढे झाले. पाठीराख्यांची एकच संस्था, निवडणुकीने चालणारी, नोंदणी केलेली. मग मालकाला कुणाला तरी तोंड द्यावंच लागेल. मास्तर दोन महिने दारोदार फिरले, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि नियमावली लिहून काढली. माणूस प्रामाणिक, यात शंका नाही. चौथं कलम त्यांनी मोठ्या विचाराने घातलं होतं: घरटी एक मत. म्हणजे मोठ्या कुटुंबांची दादागिरी नको. पण घराच्या वतीने हात कुणी वर करायचा, हे त्यांनी लिहिलं नाही. लिहावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

ते शिंपिणीकडे आले ते आनंदाची बातमी घेऊन.

"वहिनी, संस्थेचं पहिलं आजीव सदस्यत्व आपल्या भोंग्याला! दक्षिणवाल्यांनीसुद्धा मान्य केलंय. त्याच्या नावावर तरी सगळे एक होताहेत बघा."

"आजीव? मेल्यावर?"

"मानाचं हो ते."

"बरं. आणि आमच्या घराचं मत?"

"ते आहेच की. त्याच्या नावाने आबा हात वर करतील." आबा म्हणजे उत्तर स्टँडचे म्होरके, वय वर्षं सत्त्याहत्तर.

"आबा कुठे राहतात, मास्तर?"

"बेकरीच्या वर. का?"

"मग या घरात कोण राहतं?"

मास्तर हसले. विधवा बाई जरा थट्टा करते आहे, बरं वाटलं त्यांना. "चहा फक्कड झालाय हं," म्हणाले आणि कप ठेवून निघाले. ती त्या कपाकडे बराच वेळ बघत बसली. गेल्या महिन्याभरात घरात दुसऱ्या माणसाने उष्टावलेला तो पहिला कप होता, आणि त्या माणसानेही तिचं काही ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. खुर्च्या पोरांच्या, आबांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. डावीकडे उत्तरवाले, उजवीकडे दक्षिणवाले, मधे माणूसभर मोकळी वाट. बायका मागे चहाच्या टेबलाशी. शिंपिणीला मात्र मानाने पहिल्या रांगेत बसवलेलं, भोंग्याच्या फोटोखाली.

मास्तर घरांची यादी वाचू लागले. संस्था व्हावी की नाही, यावर ज्याच्या त्याच्या घराचा हात. दोनतृतीयांश घरं हवी होती. हात वर होत होते, मास्तर खुणा करत होते. आबांचा हात वर होऊन खाली आला. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "रंगारी, आपला भोंगा!" टाळ्या पडल्या, आणि आबांनी दुसरा हात वर केला.

शिंपीण उभी राहिली. पुढे होऊन तिने मास्तरांच्या टेबलाची कड धरली.

"खोडा."

"काय वहिनी?"

"त्यांचं नाव खोडा, मास्तर. आणि पुढे लिहा, घर रिकामं."

"अहो, रिकामं कसं? तुम्ही राहता ना तिथे."

"राहते ना? मग मला विचारा."

हॉलमध्ये गलका झाला. आबा खुर्चीतून कसेबसे उठले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. भोंग्याला त्यांनी पोटच्या पोरासारखं मानलं होतं. "सूनबाई, आधी मैदान वाचू दे गं. घरातलं नंतर घरात बघू. हीच वेळ सापडली तुला?"

"मैदान वाचलं तर तुम्ही आत जाल, आबा. मी भिंतीमागेच राहणार. मग माझी वेळ कधी येणार?"

"त्याला काय वाटलं असतं, याचा तरी विचार कर."

"ते तुम्हाला कसं कळलं? मी एकोणीस वर्षं शेजारी बसले, मलासुद्धा दर वेळी विचारावं लागायचं."

कुणीतरी हसलं. तिने मागे वळून चहाच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे आठ-दहा जणी होत्या. सगळ्या कपबशा पुसायला लागल्या. इतकं एकटं तिला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. ती खाली बसली. मास्तरांनी तिच्या घरापुढे खूणही केली नाही, काटही मारली नाही, आणि पुढचं नाव घेतलं.

उजवीकडची यादी सुरू झाली. चार नंबरच्या ड्रायव्हरचं नाव आलं तेव्हा तो उभा राहिला, पण हात त्याच्या खिशातच होता.

"आमच्या घरात मोठी माणसं तीन," तो म्हणाला. "बायको, मुलगी आणि मी. त्या दोघींचं काय म्हणणं आहे, मला माहीत नाही. विचारलंच नाही मी."

"मग विचारून या की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"जातो," दादा म्हणाला, आणि खरंच निघून गेला. बहिणीकडे त्याने पाहिलंही नाही.

त्याच्यामागून आणखी काही जण घुटमळले. काहींना खरोखर प्रश्न पडला होता, काहींना घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल ते दिसू लागलं होतं. यादी संपली तेव्हा नऊ घरं कमी पडली. सभा आठ दिवसांनी पुन्हा घ्यायचं ठरलं.

ते आठ दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. "मैदान गेलं तर हिच्यापायी," हे वाक्य बोळातून दिवसातून चारदा जायचं, मुद्दाम मोठ्याने. प्लंबरच्या बायकोने अर्धे शिवलेले पडदे परत नेले. बुधवारी सामना झाला. तिने खिडकी लावून घेतली, तरी बॉबिनची डबी थरथरलीच, आणि ती मशीनवर डोकं ठेवून रडली. चूक झाली का आपली? खरंच मैदान गेलं तर? विचारायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी ती बाजाराला निघाली. बस आली. ती सवयीने मागच्या दाराकडे वळली, तर ते उघडलंच नाही. पुढचं उघडलं.

"पुढून चढ, चिमे," दादा म्हणाला.

चिमी हे नाव घेणारी सगळी माणसं मेली, असं ती समजत होती. पुढे सहा थांबे ती पुढच्या सीटवर बसली होती, आणि उतरताना तिला उतरावंसं वाटलं नाही.

इकडे मास्तर स्वतःच्या घरी हरले होते. ही सगळी हकिगत त्यांनी बायकोला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मी कधी विरुद्ध हात वर केला असता, तर तुम्ही तो मोजला असता का?" त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा दारं वाजवली. या वेळी घरातल्या प्रत्येकाशी बोलल्याशिवाय ते उठत नव्हते. काही दारं तोंडावर आपटली गेली. मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

पुढच्या रविवारी त्यांनी आधी चौथं कलमच सभेपुढे ठेवलं. घरटी खोडून माणशी. अठरा पूर्ण झालेला कोणीही, बाई असो की पुरुष. हे ठरवायला अर्थातच अजून फक्त पुरुषांचेच हात होते. बायका भिंतीला टेकून बघत राहिल्या. हात मोजायला बराच वेळ लागला. कलम सात मतांनी पास झालं. मास्तरांनी नवी यादी उघडली आणि बायकांना पुढे बोलावलं. मग संस्था व्हावी का, असं विचारलं तेव्हा सगळ्या हॉलचे हात वर झाले, डावीकडचे कुठले आणि उजवीकडचे कुठले ओळखू येईना.

आता अध्यक्ष. वय, मान, अनुभव. आबांशिवाय दुसरं नावच नव्हतं. दक्षिणवाल्यांनीही तेच सुचवलं. "आबांच्या बाजूने?" मास्तरांनी विचारलं आणि हातांचं रान उठलं. दादाचा हात वर होता, त्याच्या बायकोचाही. मास्तरांनी सवयीने 'एकमताने' लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता, रीत म्हणून विचारलं, "विरुद्ध?"

शिंपिणीने हात वर केला.

दादाने मान वळवून पाहिलं, पण त्याचा हात काही बदलला नाही. आबा दुखावल्या आवाजात म्हणाले, "का गं सूनबाई? मी काय वाईट केलं तुझं?"

"वाईट काहीच नाही, आबा. तुम्ही चांगले आहात. पण मेलेल्या माणसाच्या नावाने हात वर करणारा अध्यक्ष मला नको. आज माझ्या नवऱ्याचा केलात, उद्या आणखी कुणाचा कराल." तिचा हात वरच होता. "तुम्हीच निवडून येणार, मला माहीत आहे. मला फक्त माझं म्हणणं सांगायचं होतं."

तिच्या बाजूने दुसरा एकही हात आला नाही. ती वाट पाहत राहिली, आणि तिच्याबरोबर सगळी सभा. मग मास्तरांनी 'एकमताने' हा शब्द एका रेघेत खोडला, चष्मा सारखा केला, वर पाहून तो हात बोटाने मोजला आणि वहीत लिहिलं: विरुद्ध, एक.