अळणी श्रावण

मिथुनने चहाचा कप उचलला आणि अर्धा चहा सदऱ्यावर सांडला. नमिताने कप काढून घेतला, ओढणीने नवऱ्याची छाती टिपली.

"बघा डॉक्टर. तीन दिवस हेच चाललंय. उलट्या, हात थरथरतात, जीभ जड. पुरे झाली ती लिथियमची जुनी गोळी. माझ्या मामेबहिणीला नवी दिलीय, तिला सारखं सारखं रक्त पण तपासायला लागत नाय."

पेणच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत सासू ठमाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आई, बसा तरी. खुर्ची चावत नाय."

ठमाबाई बसली नाही.

डॉक्टरांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला. "नवी देता येईल. पण जुनीनं आठ वर्षं याचं मन ताळ्यावर ठेवलंय. आणि नवी याला कितपत मानवेल, ते घेतल्यावरच कळणार. मला कोडं पडलंय ते वेगळंच. गोळी तेवढीच, मग रक्तात एवढी चढली कशी? जेवणात काही बदल?"

"काय नाय," ठमाबाई घाईने म्हणाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

श्रावण लागला त्या दिवशी देवळात बुवांचं कीर्तन होतं. 'जिभेचं एक आवडतं सोडा, देव तुमचं एक नावडतं सोडवील,' असं बुवा म्हणाले आणि टाळ थांबले तरी ते वाक्य ठमाबाईच्या कानात वाजत राहिलं. हयात मिठागरात गेलेली बाई ती. तिने मीठच सोडलं, लेकालाही सोडायला लावलं. मागणं एकच, पोराची गोळी सुटू दे. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून नमिता कंपनीत शिफ्टला गेली की आपली नि लेकाची भाजी ती मीठ घालायच्या आधीच वेगळी काढायची.

मिथुनची मान छातीवर कलली. तोंडातून लाळ ओघळली.

ठमाबाई भिंतीपासून पुढे झाली. विठ्ठला, आता बोलते रे, रागावू नको.

"मीठ," ती म्हणाली. "पंचवीस दिवस पोराच्या पोटात मिठाचा खडा नाय. मीच बंद केलं."

"आई!" नमिता ओरडली.

डॉक्टर ताडकन उठले. "अहो, मीठ तुटलं की ही गोळी अंगातून बाहेर पडत नाही. साठते. विष होतं तिचं." त्यांनी दार उघडून हाक मारली, "सिस्टर, यांना आत घ्या. सलाईन लावा, लगेच!"

मिथुनला आत नेलं. जाता जाता डॉक्टर नमिताला म्हणाले, "गोळी आजपासून बंद."

ठमाबाईचे हात सवयीनं जोडले गेले. देवानं ऐकलं होतं, अगदी शब्दाला शब्द.

आणि तिला आठ वर्षांमागचा मिथुन दिसला. चार दिवस डोळ्याला डोळा नाही, भरतीच्या वेळी खाडीच्या बांधावरून उघडाच धावणारा, हसणारा. चौघांना आवरला नव्हता.

तिने जोडलेले हात सोडवले आणि डॉक्टरांची बाही घट्ट धरली.

"बंद नको हो," ती म्हणाली. "जुनी द्या, नवी द्या. पण बंद नको."